नकाराच्या वाटेवर: अमेरिकन मराठी मिशनची वाटचाल

मराठी मुलखात धर्मप्रचारासाठी आलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट संस्थेला पहिला नकार मिळाला तो ख्रिस्ती सरकारकडून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन पाद्री फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कलकत्त्यात त्यांना आधीच चालते व्हायला सांगून झाले होते. कंपनी सरकारला मिशनऱ्यांचे लचांड नको होते. वेल्लोरच्या शिपायांनी १८०६ मध्ये उठाव केला होता. पगडीला आणि कपाळावरच्या गंधाला हात लावला की पलटणी पेटतात, हा धडा साहेब लोक विसरले नव्हते. त्यातच १८१२ मध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले, म्हणजे हे दोघे शत्रूच्या देशाचेही. कलकत्त्याहून मुंबई सरकारला हुकूम आला: दोघांना इंग्लंडला पाठवून द्या.

मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने या दोघांच्या बाजूचा होता, पण वरचा हुकूम मोडायची त्याची तयारी नव्हती. त्याने चालढकल चालवली. मध्येच हे दोघे एका गलबतात बसून गुपचूप कोचीनला निघून गेले. तिथे ते पकडले गेले आणि त्यांना परत मुंबईला आणले. त्यानंतर हॉलने गव्हर्नरला जे पत्र लिहिले त्यात विनवणी कमी आणि जाब जास्त होता. आपल्या दोघांनाही एक दिवस देवाच्या न्यायासनापुढे उभे राहायचे आहे, तिथे तुम्ही या हकालपट्टीचे काय उत्तर देणार, असा त्याचा एकंदर सूर. परक्या मुलखात, खिशात दमडी नसताना, राज्यकर्त्याला असे लिहायला छाती लागते. पत्राचा परिणाम झाला म्हणा किंवा दिवस फिरले म्हणा, हद्दपारी लांबणीवर पडली. लंडनमध्ये १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानचा दरवाजा उघडला आणि दोघांना मुंबईत राहण्याची मुभा मिळाली.

पुढे शे-सव्वाशे वर्षे ‘मिशनरी म्हणजे सरकारचे हस्तक’ हा आरोप होत राहिला. इतर मिशनांचे असेल ते असो, अमेरिकन मराठी मिशनची पहिली पायरी तरी सरकारी हुकूम धुडकावूनच चढली गेली होती.

ही मंडळी ज्या ‘अमेरिकन बोर्डा’ची, ते बोर्ड १८१० मध्ये न्यू इंग्लंडमध्ये स्थापन झाले होते. मुंबईत आल्यावर हॉल आणि त्याला येऊन मिळालेला सॅम्युएल न्यूएल यांनी आधी मराठी शिकायला घेतली. मग रोजचा क्रम ठरला: सकाळ-संध्याकाळ गल्लीबोळ, बाजार, देवळांभोवतालची गर्दी, जिथे चार माणसे थांबतील तिथे बोलायचे. लोक ऐकत, वाद घालत, हसत, निघून जात. या दोघांनी मिळून १८१८ मध्ये अमेरिकेतल्या लोकांसाठी एक पुस्तक लिहिले. जगातल्या साठ कोटी माणसांपर्यंत शुभवर्तमान पोचवायचे तर किती मिशनरी लागतील, याचा त्यात हिशेब होता. एवढा मोठा हिशेब मांडणाऱ्यांच्या स्वतःच्या खात्यावर मात्र फारसे काही जमा होत नव्हते. पहिल्या दोन दशकांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. थडगी मात्र भराभर वाढत गेली. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला.

हॉलचा शेवट मिशनच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. मार्च १८२६ मध्ये तो फिरतीवर नाशिकला पोचला तेव्हा गावात पटकी थैमान घालत होती. जवळची औषधे आणि पुस्तिका वाटून तो मुंबईकडे परत निघाला. वाटेत एका खेड्यात रात्री मुक्काम केला तो देवळाच्या ओसरीवर. पहाटे त्यालाच पटकीने गाठले, आणि स्वतःसाठी औषध फारसे उरलेले नव्हते. त्याच ओसरीवर, २० मार्च रोजी, काही तासांत त्याचा जीव गेला. तेरा वर्षे ज्या देवळांसमोर उभा राहून तो बोलला त्यांपैकीच एकाने त्याला शेवटची जागा दिली. खेडेगावच्या देवळाची ओसरी कोणाही वाटसरूची असते, त्याला धर्म विचारायची पद्धत नाही.

या काळात मिशनचे एक काम मात्र हातोहात फळले, आणि ते ज्या हेतूने सुरू झाले होते त्याच्या बरोबर उलट दिशेने. मुंबईत मिशनने छापखाना काढला आणि १८१७ पासून तिथे मराठी पुस्तिका छापल्या जाऊ लागल्या. शुभवर्तमान घरोघरी पोचवायला देवनागरीचे सुबक खिळे हवेत, म्हणून पुढे टॉमस ग्रॅहम याने खिळे पाडण्याच्या कामात बरीच सुधारणा केली. या छापखान्यात गणपत कृष्णाजी ही कला शिकले, बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा छापखाना थाटून पंचांग छापले. लहानपणी याच छापखान्यात खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला. वेद-पुराणांपासून काव्य-नाटकांपर्यंत संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या घरोघरी गेल्या त्या या निर्णयसागरातून. मिशनरी आले होते पुराणे खोडायला, आणि पुराणे छापायचे हत्यार त्यांनीच घडवून दिले. याचे वाईट वाटून घेणारा एखादा पाद्री असेलही, पण त्यासाठी कोणी छापखान्याला दार लावले नाही.

मुंबईची दमट हवा माणसे गिळत होती, म्हणून कोरड्या हवेचे आणि देशाच्या मधोमध असलेले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, १८३१ मध्ये ठाणे म्हणून निवडले गेले. तिथेही पहिल्याच वर्षात विल्यम हर्वी मरण पावला. पण मिशनचे मूळ रुजले ते नगरमध्येच. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली होती, ती १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले, आणि सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले. मिशनने सांगितलेल्या गोष्टींतली कोणती घ्यायची आणि कोणती ठेवायची, हे ऐकणारा ठरवतो. जोतीरावांनी शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनऱ्यांशी त्यांचे स्नेहाचे संबंध शेवटपर्यंत राहिले, आणि धर्म मात्र त्यांनी स्वतःचा स्वतः मांडला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. धर्मप्रचाराच्या इतिहासात धैर्याचे कौतुक होते ते बहुधा सांगणाऱ्याचे. मिशनऱ्याला मिळणारा नकार मात्र तुलनेने स्वस्त होता. टवाळी, धूळ, फार तर एखादा दगड. त्याचा पगार, बंगला आणि मायदेश शाबूत असे. खरी किंमत मोजली ती ऐकून ‘होय’ म्हणणाऱ्याने. नगरला हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण या ब्राह्मण भावांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मुंबईत त्याच वर्षी स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी तो घेतला, तर प्रकरण कोर्टात गेले आणि शाळा ओस पडली. जिथे म्हणून बाप्तिस्मा होई तिथे दुसऱ्या दिवशी पालक मुलांचे हात धरून त्यांना शाळेतून काढून नेत. बाटलेल्या मुलासाठी घरात सुतक पाळले जाई, बायकोला माहेरी धाडले जाई, जमिनीत वाटा मिळत नसे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. कायद्याने जमीन मिळू शकत होती, पण पंगतीतले पान कोण मांडून देणार?

शिवाय एक अडचण आतलीच होती. ब्राह्मण ख्रिस्ती आणि महार ख्रिस्ती एकाच भाकरीने, एकाच प्याल्याने प्रभुभोजन घेणार की नाही? नगरच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, या प्रश्नावर सवलत दिली नाही. चर्चमध्ये जात आणायची नाही हे कडक धोरण राहिले. दक्षिणेत काही मिशनांनी जातवार बसण्याची सोय चालू ठेवली होती, ती इथे नाकारली गेली. त्यामुळे वरच्या जातींतून येणाऱ्यांचा ओघ आणखी आटला. पण मिशनच्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे धाडस दिसते ते या पंगतीत. बाजारात उभे राहून परक्याला ‘तुझा धर्म खोटा’ म्हणणे त्या मानाने सोपे होते, आणि खरे सांगायचे तर सुरुवातीच्या पुस्तिकांमध्ये ते फार सोपेपणाने केले गेले. पुराणांतल्या गोष्टींची टर उडवणारी ती भाषा आज वाचताना ऐकणाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर कान तापतात. अशा बोलण्याला मिळालेला प्रत्येक नकार सत्याला दिलेला नकार होता, असे मानायचे कारण नाही. पुष्कळदा तो उद्धटपणाला दिलेला नकार होता.

समोरचे गप्प बसले नाहीत, ही मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मोठी कमाईच. जून १८४२ मध्ये हेन्री बॅलंटाइन यांनी नगरला ‘ज्ञानोदय’ हे मासिक सुरू केले. त्यात धर्म होताच. शिवाय भूगोल, खगोल, बातम्या, शाळांचे अहवालही येत. मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये मिशनऱ्यांना उत्तर देण्यासाठी ‘उपदेशचंद्रिका’ काढली. पुण्यात १८५२ मध्ये त्याच कामासाठी ‘विचारलहरी’ निघाले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची लेखणी त्यात चालली. पंडितांचा वाद पूर्वी संस्कृतात आणि मठात चाले, तो आता मराठीत आणि छापील पानावर आला. कोणी कोणाला पटवले हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मराठी गद्याला या भांडणाने बाळसे धरायला मदत केली, हे उघड आहे.

‘ज्ञानोदया’ने एक वेगळेच काम करून ठेवले आहे. १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत त्याने पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा, मुक्ताबाईचा, निबंध छापला. ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ असा त्याचा विषय. या निबंधात ख्रिस्ती धर्माचा प्रचार नाही. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याजवळ कोणते धर्मपुस्तक आहे आणि आमचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न ती देवाला आणि शास्त्रीपंडितांना विचारते. संपादकाला हा प्रश्न आपल्या सोयीचा वाटला असणार, यात शंका नाही. तरी तो तिच्या शब्दांत, तिच्या नावाने छापला गेला. आज दलित साहित्याच्या कोणत्याही चर्चेत तो निबंध आघाडीला असतो, आणि तो आपल्या हाती आला तो मिशनच्या नियतकालिकामुळे.

मुंबईत याच सुमारास एक विलक्षण माणूस वावरत होता. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मिशनचा म्हणून आला आणि थोड्याच दिवसांत त्याने मिशनचा पगार नाकारला. मिशनरी बंगल्यात राहून, गाडीतून येऊन गरिबाला त्यागाचे शुभवर्तमान सांगतो, हे त्याला लाजिरवाणे वाटले. तो देशी वस्तीत एका खोलीत राहू लागला, शिकवण्या करून पोट भरू लागला आणि रोज मैदानात आणि रस्त्यांवर बोलू लागला. चाळीस वर्षे. एकदाही मायदेशी गेला नाही. १८८८ मध्ये मुंबईतच वारला. त्याच्या बोलण्याने ख्रिस्ती झालेल्यांची संख्या जवळजवळ नगण्य, आणि हे त्यालाही ठाऊक होते. बोवेन फार दिवस अमेरिकन बोर्डाचा राहिला नाही, पुढे मेथडिस्ट झाला. मिशनच्या अहवालात त्याला फार जागा मिळू नये हे साहजिक. पण या वाटचालीत त्याला वगळून चालत नाही. मोबदला मिळत नसताना तोच निरोप तसाच देत राहणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके लख्खपणे दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही.

त्याच्यासमोर उभा ठाकलेला प्रतिस्पर्धीही तोलामोलाचा होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी, शिरवलीचे विष्णू भिकाजी गोखले, वेदोक्त धर्माचा कैवार घेऊन १८५६ मध्ये मुंबईला आले. जानेवारी १८५७ पासून आठवड्यातून एकदा, समुद्रकाठच्या वाळूत, बुवा आणि मिशनरी यांचा जाहीर वाद सुरू झाला. संध्याकाळी कारकून, शाळकरी पोरे, भटजी, पारशी असे सगळे गर्दी करत. एक बोलणार, मग दुसरा, मध्ये श्रोत्यांची कुजबुज आणि टाळ्या. मेच्या शेवटाला तो थांबला. उत्तरेत तोवर बंडाचा भडका उडाला होता. या वादाचा वृत्तांत बोवेनने इंग्रजीत छापला, आणि बुवांच्या बाजूचे मराठी पुस्तकही पुढे निघाले. कोण जिंकले? ज्याचे पुस्तक वाचावे तो जिंकला. मला भावतो तो त्या वाळूतला रिवाज. दोघांनी एकमेकांच्या श्रद्धेची चिरफाड केली, आणि दुसऱ्या आठवड्यात दोघेही पुन्हा त्याच जागी हजर. दोघांपैकी एकाच्याही भावना ‘दुखावल्या’ म्हणून कोणी कोतवालाकडे धावले नाही.

१८५४ च्या अखेरीला बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः पाहणीसाठी आले आणि मिशनची घडी बदलून गेले. त्यांचे म्हणणे साधे होते. इंग्रजी शाळा काढून तुम्ही कारकून घडवता, ख्रिस्ती माणसे नाही; मराठीत बोला, खेड्यात जा आणि मंडळ्या देशी पाळकांच्या हवाली करा. त्याच डिसेंबरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरमध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली. नगरची इंग्रजी शाळा मात्र बंद पडली, आणि शहरातला शिकू पाहणारा वर्ग मिशनपासून दुरावला. अँडरसन यांचे धोरण अर्धे शहाणपणाचे आणि अर्धे हेकट होते. पुढे इंग्रजी शाळा पुन्हा काढाव्या लागल्या.

खेड्यात गेल्यावर मिशनचे ज्यांनी ऐकले ते मुख्यतः महारवाड्यांतले लोक. राहुरी, नेवासे, शेवगाव या बाजूच्या गावांत पंतोजी नेमले गेले. सकाळी पोरांना बाराखडी, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांना गोष्टी. वडाळ्याला फेअरबँक कुटुंबाने ठाण मांडले आणि शेतीच्या सुधारणांपर्यंत हात घातला. ‘बायबलबाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती स्त्रिया घराघरांच्या मागच्या दाराने आत गेल्या, जिथे कोणत्याही पाद्र्याला कधी प्रवेश मिळाला नसता. त्यांची नावे अहवालांत क्वचितच सापडतात. मिशनचा बराचसा निरोप मात्र त्यांच्या पायांनी फिरला.

गावात ख्रिस्ती झालेल्या महाराने देवाच्या जत्रेतले काम नाकारले, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की गावही नकार देई. बलुते बंद, पाणवठ्यावर शिव्या. आपल्याच भावकीत सोयरीक बंद. इथला नकार वर्तमानपत्रातल्या वादासारखा शब्दांचा नव्हता, पोटावरचा होता.

आणि याच ठिकाणी टीकाकारांचा सगळ्यात जुना आक्षेप येतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० चा. मिशनने अन्नछत्रे काढली, रस्त्यावर मरणारी पोरे उचलून अनाथालयांत आणली, त्यांना सुतारकाम, विणकाम शिकवले. या वर्षांत मंडळ्यांची सभासद-संख्या वाढली. भाकरीसाठी धर्म विकला, असे लोक म्हणाले, आणि काही पाद्र्यांनाही तीच शंका भेडसावत होती. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण उपाशी माणसाने कोणाच्या हातची भाकरी घ्यावी हे पोट भरलेल्याने ठरवावे, हेही तितकेसे बरोबर नाही. दुष्काळ सरल्यावर काही जण परतले. पुष्कळ राहिले, त्यांची तिसरी-चौथी पिढी आज त्याच गावांत शिक्षक, परिचारिका, पाळक आहे.

मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ मध्ये नगरला रुजू झाले आणि पुढे अर्धशतक नगरचेच झाले. नगरला देशी पाळक तयार करणारे विद्यालय त्यांनी १८७८ मध्ये उभे केले, दुष्काळातले काम त्यांच्या शिरावर होते. पण त्यांची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेत. खेड्यात बोलताना ऐकणारे एक प्रश्न हमखास विचारत: तुमचा ख्रिस्त ज्यांच्या कानावर कधी गेलाच नाही त्या आमच्या बापजाद्यांचे काय? ते सगळे नरकात? जुन्या शिकवणीप्रमाणे उत्तर ‘होय’ असे होते. ह्यूम यांना ते गळ्याखाली उतरेना. १८८६ मध्ये अँडोव्हर इथल्या सभेत त्यांनी बोलून दाखवले की अशा माणसांना मरणानंतरही देव संधी देत असेल अशी आशा बाळगायला हरकत नसावी, आणि तिच्यावाचून हिंदुस्थानात प्रचार करणे जड जाते. बोर्डात गहजब झाला. अमेरिकेतल्या चर्चमध्ये त्या वेळी या मुद्द्यावरून तट पडले होते. ह्यूम यांना परत पाठवायचे की नाही यावर खल झाला. शेवटी १८८७ मध्ये ते नगरला परतले.

मराठी शेतकऱ्याच्या ओट्यावर विचारलेला प्रश्न बोस्टनच्या बैठकीत जाऊन असा थडकला. ज्यांना शिकवायला गेलो त्यांनी विचारलेला सवाल रास्त आहे, हे आपल्याच पोशिंद्यांना तोंडावर सांगायचे, आणि त्यासाठी परतीचे तिकीट पणाला लावायचे. ह्यूम तसे भांडखोर नव्हते, म्हणून हे जास्त लक्षात राहते.

मिशनला याहून मोठा धक्का दिला तो त्याच्या सर्वांत लाडक्या माणसाने. नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावचे चित्पावन, कवी, कीर्तनकार, तापट आणि उदार. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता त्यांची मिशनऱ्यांशी पत्रापत्री झाली, त्यांतले एक मुंबईचे डॉ. जस्टिन ॲबट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हे कळले तेव्हाचा आकांत लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या लहान मुलासह नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे आल्या त्या आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आणि त्याआधी त्यांच्या मनातली जात गळून पडायला जो वेळ लागला तो त्यांनी पुरता घेतला. जगभरातल्या कित्येक धर्मांतरकथा साक्षात्काराच्या क्षणावर उभ्या असतात. ही पाच वर्षांच्या स्वयंपाकघरात घडली.

नगरमध्ये कृष्णराव सांगळ्यांसारख्या कीर्तनकारांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजरस्ता केला. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग ऐकणाऱ्याला हा परका देव वाटत नसे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची गाणी इतकी आहेत की ती काढली तर रविवारची उपासना लंगडी होईल. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्याच जागेवरून त्यांनी मिशनला सुनवायला सुरुवात केली. साहेबाच्या पगारावर जगणारे चर्च हे आश्रिताचे चर्च. ख्रिस्त हवा आहे, त्याच्यावरचा कोट-पाटलोण नको. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ख्रिस्त आपला वाटतो ते सगळे या दरबारात यावेत अशी कल्पना. पाद्र्यांच्या पोटात गोळा आला, कारण यात बाप्तिस्म्याच्या दारावरचे पहारेच उठत होते. तरी मिशनने ‘ज्ञानोदया’ची लेखणी त्यांच्या हातून काढून घेतली नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले तोवर ती त्यांच्याकडेच होती. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

आणि ॲबट? ज्यांच्याशी टिळकांची पत्रापत्री झाली ते डॉ. ॲबट अमेरिकेला परतल्यावर आयुष्याची शेवटची वर्षे मराठी संतांत रमले. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास यांची चरित्रे आणि वाणी पंडित नरहर गोडबोले यांच्या मदतीने त्यांनी इंग्रजीत आणली. मिशनचा माणूस सांगायला आला होता, जाताना ऐकून गेला.

विसाव्या शतकात संस्था हळूहळू विरघळत गेली, तशी ती विरघळावी हेच अँडरसनच्या काळापासूनचे धोरण होते. १९२४ मध्ये या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. १९३५ मध्ये नगर जिल्ह्याला लागूनच असलेल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा मिशनऱ्यांच्या आशा पालवल्या. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला, ख्रिस्ती झालेल्या दलितांच्या स्थितीवर कठोर शब्दांत लिहिले, आणि १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. एकाच महारवाड्यातली काही घरे शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली होती, उरलेली आता बौद्ध झाली. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढले. त्यात शिकलेल्यांत ख्रिस्ती थोडे आणि इतर पुष्कळ. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली आणि नगरच्या जुन्या मंडळ्या तिच्या घटक बनल्या.

श्रद्धा उघडपणे सांगण्याचा प्रश्न मात्र मिटला नाही, त्याचे रूप कागदी झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात एकाच पणजोबाच्या दोन शाखांपैकी बौद्ध शाखेतल्या मुलाला अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर प्रवेश मिळतो आणि ख्रिस्ती शाखेतल्या मुलाला मिळत नाही. काही घरांत याची तोड निघते: रविवारी मंडळीत हजेरी, शाळेच्या दाखल्यावर मात्र ‘हिंदू’ आणि जातीचा उल्लेख. पाळक हे जाणून असतात, बहुतेक जण त्यावर प्रवचन करत नाहीत. काही कुटुंबे दाखल्यावरही ‘ख्रिस्ती’ असेच लिहितात आणि फी भरतात.